मीराबाईचा नंबर

मीराबाईचं तेरावं होऊन चार दिवस झाले नाहीत, तोच रविवारी सकाळी तिचा राहुल नलूच्या दारात येऊन उभा राहिला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आईची पासबुकं. नलू तेव्हा बांगड्याचं तिखलं करायला बसली होती.

"ये रे, आत ये. उभा काय असा पाहुण्यासारखा? चाय टाकते."

"चाय नको मावशी. तुला आईच्या भिशीचं विचारायचं होतं."

नलूच्या हातातला बांगडा तसाच राहिला. आता हा प्रश्न कधी ना कधी कोणीतरी विचारणारच होतं, आठ वर्षं ती याच प्रश्नाला घाबरून होती. पण तो मीराबाईच्या पोराने विचारावा? ज्याला तिने अंगाखांद्यावर खेळवला, ज्याचं नाक पुसलं, त्याने? देव पण माणसाला कुठे गाठेल सांगता येत नाही.

राहुलने पासबुकं लादीवर मांडली. भोईवाड्यातल्या त्या चाळीत मीराबाई खालच्या माळ्यावर, नलू वरच्या. दोघी कामालाही एकाच ठिकाणी, परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये. मीराबाई झाडूपोछाला, नलू तिथल्या सफाईच्या सगळ्या बायकांची सुपरवायझर. पासबुकात दर महिन्याच्या सात तारखेला पगार जमा, आणि आठ-नऊ तारखेला त्यातली काही रक्कम बाहेर. प्रत्येक वेळी बाजूला पेन्सिलीने, मीराबाईच्या तिरक्या अक्षरात: भिशी, नलू.

"मी बेरीज केली. दोन लाख चाळीसच्या वर जातात," राहुल म्हणाला. "बाबा असताना आई म्हणायची, नंबर लागला की गावच्या घरावर नवी कौलं घालू. बाबा गेले तरी तेच म्हणायची. नंबर काय लागला नाही. आता मावशी, मला व्याजबिज काही नको हां. तिचे जे आहेत ते दे. कौलं घालून टाकतो, तिच्या नावाने. गवंड्याला फोनपण करून ठेवलाय."

पोरगा आरडाओरडा करता तर नलूनेही चार शब्द सुनावले असते. पण हा एवढ्या शहाणपणाने बोलत होता की तिला भांडताही येईना.

"देते," ती म्हणाली. "जरा जमवाजमव करूक होयी."

"या महिन्यात झालं तर बरं," राहुल म्हणाला, आणि पासबुकं नीट पिशवीत घालून खाली गेला.

तिखलं त्या दिवशी झालंच नाही. झालं असतं तरी गिळलं कोणी असतं?

कारण भिशी नव्हतीच. भिशी म्हणजे दहा-वीस बायकांनी दरमहा पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचा नंबर लागेल तिने सगळी रक्कम घरी न्यायची. इथे बावीस बायका आठ वर्षं पैसे टाकत होत्या आणि चिठ्ठी एकदाही निघाली नव्हती. पैसे नलूच्या पिशवीतून थेट दादरला जायचे, उन्मेषसरांच्या ऑफिसात.

उन्मेषसर म्हणजे कंत्राटदार. टॉवरवाल्यांचं सफाईचं काम त्यांच्याकडे. माणूस सुशिक्षित, गोड बोलणारा, झाडूवालीलाही अहो-जाहो करणारा. आठ वर्षांपूर्वी टॉवरवाल्यांनी त्यांना सांगितलं, की सरकारने ठरवलेलं किमान वेतन प्रत्येक बाईच्या बँक खात्यात गेल्याचा कागद दाखवा, नाहीतर बिल निघणार नाही. तोवर पगार हातात मिळायचा, आणि कमी मिळायचा. उन्मेषसरांनी नलूला समोर बसवून विचारलं होतं, "नलूताई, पूर्ण दिलं तर मला परवडत नाही. आठ जणींना घरी बसवावं लागेल. नाहीतर पूर्ण घेऊन वरचे मला परत आणून द्यायचे, सगळ्या राहतील. तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! कसाईही बकरीला एवढ्या मानाने विचारत नसेल. नलूने ठरवलं. आठ चुली विझवायच्या का? बायकांनीही माना डोलावल्या. अडचण आली ती वेगळीच, आणि ती मीराबाईच्या तोंडून आली. जिन्यात नलूला अडवून ती म्हणाली होती, "माका म्हायत आसा गो पैशे खंय जातत ते. पण बँकेचो मेसेज ह्यांच्या मोबायलार येता. पगार एवढो, घरात एवढोच, मधले खंय गेले म्हणान इचारतीत. घरात काय सांगू, ता सांग आधी."

तेव्हा नलूला ती अक्कल सुचली. सांग भिशी लावलीय म्हणून. बावीस घरांतले नवरे आणि सासवा एका शब्दाने गप्प झाल्या. नलूने वही सुरू केली, दर महिन्याला नावं लिहायची, सह्या घ्यायची. म्हणजे घरी कोणी शंका काढली तर दाखवायला बरी. स्वतःवर खूश झाली होती बाई तेव्हा. आपल्याच हाताने आपल्यासाठी पिंजरा विणतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

पुढे जुन्या बायका एकेक करून गेल्या, नव्या आल्या. नव्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं. राहून गेलं कसलं, नलूने टाळलं. भिशी आहे, सगळ्यांना लागू आहे, पहिल्या वर्षी नंबर नाही, मध्येच काम सोडलं तर पैसे बुडाले. असं सांगायला काय, जीभ रेटते. काही जणी ओळखून गप्प बसल्या. बहुतेक वर्ष भरायच्या आत सोडून गेल्या. पहिल्यापासूनची, सगळं ठाऊक असलेली अशी एकच उरली होती मीराबाई. ती डोक्याची शीर फुटून दोन दिवसांत गेली.

सोमवारी नलू दादरला गेली. उन्मेषसरांनी कॉफी मागवली, राहुलचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भुवया उंचावल्या.

"कसली भिशी, नलूताई?"

नलूला वाटलं, हे मस्करी करतायत. ती हसलीसुद्धा. सर हसले नाहीत.

"तुम्हा बायकांच्या भिशीत मी कशाला लक्ष घालू?" त्यांनी एक फाईल उघडली. "हे बघा. मीराबाईंचा आठ वर्षांचा पगार, किमान वेतनाच्या दराने, महिन्याच्या महिन्याला बँकेत. पगाराच्या पावत्या. दर सहा महिन्यांनी सरकार महागाईपोटी विशेष भत्ता वाढवतं, तोही दिलाय. कायद्याने मी मोकळा आहे."

"आनी मी दर म्हयन्याक पाकीट आणून देतंय ता?" भीतीने नलूची मालवणी सुटली.

"त्याची पावती आहे?"

नव्हती. कशी असेल? पाकीट देताना पावती मागायची असते हे नलूला कोणी शिकवलं होतं?

"आणि एक विचारू? रागावू नका," सर म्हणाले. "त्या वहीत सगळ्यांची नावं आहेत. तुमचं का नाही?"

 वही सांभाळतेस म्हणून तुला सूट, असं याच माणसाने पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. आठ वर्षं तिने पूर्ण पगार घरी नेला होता. त्या पगारातून मुलीचं बदलापूरचं बाळंतपण केलं होतं, स्वतःच्या गुडघ्याचे एक्सरे काढले होते. तेव्हा ती सूट गोड लागली होती. आता तीच गळ्याशी आली.

मग सरांनीच मार्ग काढला. मोठा दयाळू माणूस! "मी तुम्हाला दोन लाख उचल देतो. त्या मुलाला देऊन टाका, त्याचंही समाधान होईल. तुमच्या पगारातून दरमहा कापून घेऊ, रीतसर लिहून. उद्या कामगार खात्याची बाई येतेय टॉवरवर, किमान वेतनाची माहिती द्यायला. ते एकदा नीट पार पडू द्या. मग सही करायला या."

चोपन्न वर्षांची नलू मनातल्या मनात हिशोब करत बाहेर आली. हात चालेनासे होईपर्यंत ती उचल फिटणार नव्हती. उचल घ्यावी तर जन्मभर या माणसाच्या दावणीला, न घ्यावी तर चाळीत भिशी खाणारी बाई. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेले. त्या रात्री तिने ठरवलं, उचल घ्यायची. पोराची कौलं तरी चढतील.

मंगळवारी दुपारी टॉवरच्या तळघरात, पार्किंगशेजारच्या खोलीत, खुर्च्या मांडल्या. पुढच्या रांगेत टॉवरचे मॅनेजर आणि उन्मेषसर, मागे बावीस जणी निळ्या एप्रनमध्ये. नाही, एकवीस. नलू दाराशी उभी. तिच्या खांद्याला पिशवी, पिशवीत वही. महिन्याची नऊ तारीख होती, सकाळीच सह्या घेऊन झाल्या होत्या.

अधिकारी बाईंचं नाव ऋता. वयाने लहान, आवाज खणखणीत. कागदावरचं वाचून दाखवण्याऐवजी त्या सरळ बोलायला लागल्या.

"किमान वेतन म्हणजे तळ. त्याच्या खाली कोणी जायचं नाही. मालक म्हणाला मला परवडत नाही, तरी नाही. कामगार म्हणाली मला कमी चालेल, अगदी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, तरी तो कागद रद्दी. बँकेत पूर्ण भरायचं आणि मागून परत घ्यायचं, हे न दिल्यासारखंच आहे. परत देणारीला सगळं ठाऊक होतं की नव्हतं, याने फरक पडत नाही. कमी ते कमी. कंत्राटदाराने बुडवलं तर ज्यांच्या जागेत काम चालतं त्यांच्याकडूनही वसूल होतं." मॅनेजर खुर्चीत जरा सरळ झाले. "आणि कामगार वारला, तरी त्याचे वारस मागू शकतात."

नलूने डोळे मिटून घेतले. हे सगळं आठ वर्षांपूर्वी त्या जिन्यात कोणी सांगितलं असतं तर? चालणार नाही, एवढे दोन शब्द तिला ठाऊक असते तर? उगाच आपली अक्कल पाजळली.

"तर मला सांगा," ऋतामॅडम म्हणाल्या, "इथे कोणी पगारातले पैसे परत मागतं का?"

 मग मनू उठली. चोवीस वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली, सगळ्यांना हसवणारी पोरगी. बिचारी मदतच करायला उठली.

"नाही मॅडम. सरांचं सगळं बरोबर आहे. बाहेर जातात ते फक्त भिशीचे."

"अरे वा, भिशी! सगळ्या आहात?"

"सगळ्याच. कंपल्सरी आहे," मनू हसून म्हणाली. "पण चांगली आहे, बचत होते. फक्त जुलैमध्ये वाढते ना, ते जरा जड जातं."

ऋतामॅडमचं पेन कागदावर थांबलं.

"भिशी जुलैत वाढते?"

"हो. आणि जानेवारीत. मी नवीन आहे, पण आधीच्या सांगायच्या, दर वर्षी तसंच असतं."

जानेवारी आणि जुलै. सरकारचा भत्ता ज्या महिन्यांत वाढतो ते दोन महिने. मनूला त्यातलं काही कळलं नाही, ती हसतच होती. मॅडमना कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "आतापर्यंत नंबर कोणाकोणाचा लागला?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुझा? नाही ग. तुझा? मग एकेक करत सगळ्या दाराकडे बघायला लागल्या, नलूकडे. 

तेवढ्यात उन्मेषसर खुर्चीतून मागे वळले. चेहऱ्यावर तोच गोडवा.

"मीराबाईंचा लागला ना मागच्या वर्षी, नलूताई? बिचाऱ्या परवाच गेल्या."

काय चोख वाट काढली होती! मेलेली बाई नाही म्हणायला येणार नव्हती. वहीत मागच्या वर्षीच्या एका पानावर तिच्या नावापुढे टिक करायची, झालं. सर सुटले, नलू सुटली, बायकांची भिशी खरी ठरली. राहुलने विचारलं तर सांगायचं, तुझी आई घेऊन गेली बाबा, कुठे उडवले तिलाच ठाऊक. उचलही नको, कापणंही नको. हो म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढंच काम.

नलूने तोंड उघडलंसुद्धा. आणि तिला मीराबाई दिसली, जेवणाच्या सुट्टीत याच खोलीत भिंतीला टेकून बसलेली, नव्या पोरींना आपल्या डब्यातली चटणी वाटणारी. आठ वर्षं जिने घरात खोटं बोलून नलूचं खोटं सांभाळलं, तिच्या मेल्यावर तिला लबाड ठरवायचं? तिच्या पोराच्या डोळ्यांत? नलूला स्वतःचीच किळस आली, आणि मग या गोड बोलणाऱ्या माणसाचा संताप आला.

"मीराबायचो नाय लागलो," ती म्हणाली. आवाज फाटला, तशी ती पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "तिचा नाही लागला. कोणाचाच नाही. ह्या भिशीत नंबर एकाच माणसाचा लागतो. दर महिन्याला लागतो." तिने वही उन्मेषसरांच्या मांडीवर टाकली. "ह्यांचा."

मग जो गलका झाला तो काय सांगायचा! बायका उभ्या राहिल्या, मॅनेजर फोन घेऊन बाहेर पळाले. उन्मेषसरांचा आवाज मात्र चढला नाही. वही दोन बोटांनी उचलून त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवली. "अक्षर यांचं. वही यांच्याकडे. पैसे यांनी घेतले. माझ्याकडे बँकेचे कागद आहेत. आणि बघा, सगळ्यांची नावं आहेत, यांचं नाही."

ऋतामॅडमनी पानं चाळली. "तुमचं नाव का नाही?"

"मला सूट होती," नलू म्हणाली.

"म्हणजे तुमचा फायदा झाला."

"झाला."

"मी हे सगळं लिहून घेणार आहे. वाढलेले महिने बघता चौकशी यांचीही होईल. पण तुमच्यावरही येईल. हे आताच सांगून ठेवते."

"लिहा," नलू म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काय उरलं होतं?

बाकीच्या जणी तिला वळसा घालून बाहेर गेल्या. मनू एप्रन काढता काढता एवढंच म्हणाली, "मी तर आईला फोन करून सांगितलं होतं, पुढच्या गणपतीला माझा नंबर लागेल म्हणून." खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. होत असेल कोणाचं.

संध्याकाळी नलू आपल्या खोलीवर गेलीच नाही, आधी राहुलच्या दारात थांबली. राहुल नुकताच कामावरून आला होता. भिंतीवर मीराबाईचा फोटो, फोटोला ताजा हार. त्याने तिला बसायला चटई टाकली, पाणी दिलं. नलूने सगळं सांगितलं. भिशी नव्हती, पैसे कुठे जात होते, मॅडम काय म्हणाल्या, मीराबाईच्या वाटचं त्याला वारस म्हणून मागता येईल, त्यासाठी जबानी द्यायला जावं लागेल. मिळतील तेव्हा मिळतील. तिने काही लपवलं नाही, आपली सूटसुद्धा नाही.

राहुलने फोटोकडे पाहिलं.

"आईला माहीत होतं?"

नलूने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे ती बाबांना सांगायची, नंबर लागणार, कौलं घालणार," राहुल म्हणाला. "बाबा शेवटपर्यंत विचारत होते, आमचा नंबर कधी ग? तेव्हा तिला माहीत होतं?"

कायद्याला फरक पडत नव्हता. ठाऊक असो नसो, कमी ते कमी, त्या मॅडमनी दुपारीच सांगितलं होतं. पण या पोराला पडत होता, त्याच्या आवाजावरून कळत होतं. हो म्हटलं असतं तर नलू एकटी चोर राहिली नसती. जिन्यात अडवणारी मीराबाई तिच्या बाजूला येऊन उभी राहिली असती, अर्धा भार उचलला असता. जबानीतही ते आलं असतं. सबंध दुनियेत नलूच्या बाजूने बोलणारं एवढं एकच खरं उरलं होतं.

"नाय रे," नलू म्हणाली. "तिका काय्येक म्हायत नव्हता. ती भोळी. मीच फसवलंय तिका."

राहुलने मान हलवली. आईच्या फोटोवरचा हार जरा तिरका झाला होता तो त्याने उठून सरळ केला, आणि तिच्याकडे पाठ करूनच बोलला. जन्मल्यापासून तो तिला तू म्हणत आला होता.

"तुम्ही जा आता," तो म्हणाला. "जबानीत मी हेच सांगणार."

"सांग," नलू म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली. दारात चपला शोधायला तिला बराच वेळ लागला.